पेपरात न येणारा परिच्छेद

देसले सर आता समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. कंडक्टरने तिकीट फाडलं की त्याच्या बोटांकडे, दुकानदाराने पुडी बांधली की त्याच्या मनगटांकडे. लहान मूल समोर आलं तर बोलता बोलता थांबतात. मुलाने काहीतरी उचलेपर्यंत गप्प राहतात. खडा, बिस्किट, शेजारच्या मुलाचे केस, काहीही चालतं. उचललं की अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करतात.

माझी त्यांची ओळख शहापूरच्या ज्युनिअर कॉलेजातली. ते जीवशास्त्र शिकवायचे, मी अकरावीला होतो. तेव्हाही त्यांचं लक्ष हातांकडे असायचं, पण कारण साधं होतं. प्रयोगशाळेत चार सूक्ष्मदर्शक होते आणि आम्ही साठ जण. पावसाळ्यात एकाच्या भिंगावर बुरशी चढायची. काचपट्टी कोणाच्या हातून फुटते यावर सरांचा डोळा असे.

पहिलाच प्रयोग कांद्याच्या पापुद्र्याचा होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने वहीत सुरेख चित्र काढलं. विटांसारख्या पेशी, प्रत्येकीच्या बरोब्बर मधोमध केंद्रक, बाण, नावं. सरांनी तिच्या सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि विचारलं, "यात तर काहीच दिसत नाय. तुला कुठं दिसलं?"

मुलगी म्हणाली, "सर, फोकस होत नव्हता. पुस्तकात बघून काढलं."

"मग ही कांद्याची पेशी नाय. पुस्तकाची पेशी आहे. पुस्तकाची भाजी कर आणि खा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: जे दिसतं ते काढा, जे माहीत आहे ते नको. पुढची दोन वर्षं प्रत्येक प्रयोगाआधी हे वाक्य ते म्हणून दाखवत. माझ्या वहीत त्या दिवशी काळ्या कडेचा एक मोठा गोल होता. सरांनी तो बघितला, भिंगातून खात्री केली आणि म्हणाले, "हा हवेचा बुडबुडा आहे, गाढवा." मग दहापैकी नऊ गुण दिले. बुडबुडा दिसला तसा काढला होता म्हणून. पुढे मी ठाण्याच्या एका वर्तमानपत्रात लागलो. तिथे बातमी लिहायला शिकवताना मला जे सांगितलं गेलं ते मला नवीन नव्हतं.

सरांचा आवडता धडा पेशीकेंद्रकाचा. त्या दिवशी ते बाजारपेठेतल्या शिंप्याकडून रिकामी रिळं मागून आणत. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत मावतो, हे सांगून ते विचारत, "मावतो कसा?" मग प्रत्येक रिळाला दोऱ्याचे जेमतेम दोन वेढे देत, लगेच पुढच्या रिळाला. टेबलभर माळ तयार होई. एक रीळ आणि त्यावरचा दोरा म्हणजे न्यूक्लिओसोम. अशी कोट्यवधी रिळं आणि सगळा मिळून जो गुंता, तो क्रोमॅटिन.

या धड्याच्या शेवटी तीन ओळींचा एक परिच्छेद होता. रिळांवर बसणारी आणखीही काही प्रथिनं असतात, असा त्याचा सारांश. सर म्हणत, "हा पेन्सिलीने काटा मारून ठेवा. पेपरात येत नाय." आम्ही काटा मारत होतो. सरांनी सव्वीस वर्षं शिकवलं आणि दर वर्षी काटा मारायला लावला. परिच्छेद पेपरात खरोखरच कधी आला नाही.

सर निवृत्त झाले आणि किन्हवलीत घरी राहू लागले. घरात जनीकाकू, म्हणजे त्यांची बायको. मुलगा नितीन, तो वाशिंदला एका कारखान्यात जातो. आणि सून सारिका, टोकावड्याची. नितीनला मुलगी झाली, तन्वी. वर्षाच्या आत ती आधाराने उभी राहिली. "आबा" म्हणू लागली. मांजरीला "मनी" म्हणू लागली.

पंधराव्या महिन्यात तन्वी भाकरी थापायला लागली.

हे वाक्य त्या घरात तेव्हा असंच म्हटलं जायचं. काकू रोज सकाळी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या करतात. तन्वी शेजारी बसायची. एके दिवशी तिने एका तळव्यावर दुसरा तळवा आपटायला सुरुवात केली. थप, थप, थप. काकूंनी कौतुकाने उकडीचा लहानसा गोळा तिच्या हातात दिला. गोळा खाली पडला, हात चालूच राहिले. "अगो बाय, पिठाशिवायच थापतंय पोर!" काकू म्हणाल्या. शेजारणी बघायला आल्या. सारिकाच्या आईने टोकावड्याहून छोटं पोळपाट पाठवलं. सरांनी मोबाइलवर चित्रण केलं आणि शहापूरला जुन्या सहकाऱ्यांना स्टाफरूममध्ये जाऊन दाखवलं. मलाही पाठवलं. खाली लिहिलं होतं, "आजीची विद्यार्थिनी." मी हसणारा चेहरा पाठवला. तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे.

महिनाभराने थापणं पिळण्यावर आलं. ओलं फडकं पिळावं तसे हात छातीशी एकमेकांत पिळत राहायचे. जागी असेपर्यंत. मग "मनी" गेलं. मग "आबा" गेलं. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलं उशिरा बोलतात. काकूंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. सारिकाच्या आईला पोळपाट पाठवल्याचा पश्चात्ताप झाला. तिचं म्हणणं, कौतुक फार झालं, नजर लागली.

सर एका दुपारी काकूंची हिरवी बांगडी घेऊन तन्वीसमोर बसले. ही तिची आवडती वस्तू. बांगडी डावीकडे नेली, डोळे डावीकडे आले. उजवीकडे नेली, डोळे उजवीकडे. जवळ आणली. डोळे मोठे झाले, मान पुढे आली, अंग सगळं पुढे आलं. हात छातीशी पिळत राहिले. हे त्यांनी तीन दिवस रोज केलं आणि चौथ्या दिवशी मला फोन केला.

"नजर येते रे," ते म्हणाले. "हात येत नाय. मुंबईला लहान मुलांच्या मेंदूचा डॉक्टर शोधून दे."

तिथल्या डॉक्टरबाईंनी तन्वीला मांडीवर घेतलं, दोन-तीन मिनिटं नुसते हात बघितले आणि कागदावर दोन शब्द लिहिले: रेट सिंड्रोम. वर्ष-दीड वर्ष नीट वाढलेल्या मुलीचे हात आणि बोलणं नेणारा आजार. मग रक्त घेतलं. सर मला नंतर म्हणाले की त्या बाई पुस्तकात बघून काढणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणूनच आपल्याला भीती वाटली.

अहवाल काही आठवड्यांनी फोनवर आला. अक्षर बारीक होतं म्हणून मी त्याचा छापील कागद काढून किन्हवलीला नेला. सरांनी ओटीवर बसून वाचला. एका जनुकात एक अक्षर बदललं होतं. त्या अक्षरामुळे एक प्रथिन अर्धवटच तयार होत होतं. प्रथिनाचं नाव एमईसीपी-टू. सरांनी कागद घडी केला, आत गेले आणि जुनं पुस्तक घेऊन आले. पेन्सिलीचा काटा मारलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. स्वतः त्याकडे बघितलं नाही.

नितीन विचारत होता, "आबा, हे काय आहे नक्की?"

तेव्हा सरांनी शेवटचा धडा घेतला. रिळं नव्हती. काकूंनी सुपारी आणि शिवणाचा दोरा दिला. सुपाऱ्यांवर दोरा गुंडाळून माळ केली आणि बोलू लागले. "दोरा म्हणजे सगळी माहिती. प्रत्येक पेशीत पूर्ण. पण मेंदूच्या पेशीला सगळी लागत नाय. बरीचशी बंद ठेवायची असते. दोऱ्यावर कुठं कुठं बारीक खुणा असतात, मेथिलच्या. हे प्रथिन त्या खुणा ओळखतं, रिळावर बसतं, शेजारच्या रिळांना जवळ धरून ठेवतं. कुठला भाग किती उघडायचा, किती मिटायचा, हे ते सांभाळतं. मेंदूत हे भरपूर असतं, जवळजवळ रिळागणिक एक म्हण." त्यांनी माळ मुठीत धरली. मग मूठ सोडली. सुपाऱ्या ओटीवर गडगडल्या. "दोरा तोच. रिळं तीच. धरणारं कोण नाय."

"म्हणजे मेंदू खराब झाला?" सारिकाने विचारलं.

"नाय गो. एकही पेशी मेली नाय. सगळी पोरं वर्गात हजर आहेत. मास्तर नाय. सगळी एकदम बोलतात."

सारिका उठून आत गेली. नितीन बराच वेळ सुपाऱ्या गोळा करत राहिला.

गावात बातमी पसरली ती अशी: देसले मास्तरांच्या नातीला प्रोटीन कमी आहे. मग घरात अंडी येऊ लागली. कोणी नाचणीचं सत्त्व आणलं, कोणी शेंगदाण्याचे लाडू. व्यायामशाळेत जाणाऱ्या एका शेजाऱ्याने पावडरचा डबा आणून दिला आणि म्हणाला, "मास्तर, एका महिन्यात फरक." सरांनी डबा घेतला, आभार मानले, परत केला नाही. मला म्हणाले, "काय समजावू? हे बाहेरून ढोसता येत नाय. कमी पडलं तरी वाट लागते, जास्त झालं तरी लागते. जास्त झाल्याचा आजार वेगळाच आहे. माप चुकून चालत नाय. आणि माप इतकं बारीक, की मी सव्वीस वर्षं तीन ओळींत सोडून दिलं."

त्या घरात एक नवा रिवाज आला. काकू भाकरी थापताना स्वयंपाकघराचं दार लावून घेतात. कोणी ठरवलं नव्हतं. आवाज सुरू झाला की सर अंगणात जात, म्हणून काकूंनी एक दिवस दार लोटलं. तरी थप-थप बाहेर येतेच. सरांनी भाकरी सोडली. भात खातात.

तन्वी चार वर्षांची असताना सारिकाला पुन्हा दिवस गेले. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी नितीन-सारिकाचं रक्त आधीच तपासलं होतं. दोघांतही तो बदल नव्हता. बाईंनी सांगितलं, पुढच्या मुलाला धोका अगदी कमी आहे. पोटातल्या बाळाचीही त्या बदलापुरती तपासणी करता येईल. सारिकाने नको म्हटलं. सरांनी विचारलं होतं, "अगदी कमी म्हणजे शून्य का?" बाई म्हणाल्या, "शून्य नाही म्हणता येणार." बाकी सगळं बोलणं घरच्यांना आठवतं. सरांना हे एकच वाक्य आठवतं.

मुलगी झाली. जुई. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सारिकाने सरांना पाळण्यापाशी बोलावलं. मी ओटीवर होतो, दार उघडं होतं.

"आबा, एक सांगायचंय. हिचं रक्त तपासायचं नाय."

"एकदा तपासलं की जिवाला—"

"पहिलीचे पंधरा महिने मला कोणी काय सांगितलं नव्हतं. ती हसली की मी हसायची. ते पंधरा महिने मला हिचेपण पायजेत. रिपोर्ट चांगला आला तर चांगलंच. वाईट आला तर आजपासून मी हिच्या हाताकडं बघत बसणार. तुमच्यासारखी."

सर म्हणाले, "बरं. शब्द दिला."

"आणि तुमीपण बघायचं नाय."

त्याचा शब्द त्यांनी दिला नाही.

जुई नऊ महिन्यांची असताना त्यांचा फोन आला. शहापूरच्या एसटी स्टँडवर ये, घरी नको. मी गेलो तेव्हा ते किन्हवलीच्या गाडीच्या फलाटापाशी बाकावर बसले होते. मांडीवर पुठ्ठ्याचं लहान खोकं. आत कापसाची काडी, एक नळी आणि एक फॉर्म होता. मोबाइलवरून मागवलं होतं. गालाच्या आतून काडी फिरवायची आणि नळी ठाण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायची. नळीत काडी होती. म्हणजे फिरवून झाली होती.

"तू ठाण्याला जातोसच," सर म्हणाले. त्यांचा आवाज परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा होता. "कोणाला कळायचं नाय. चांगला आला तर मी गप्प बसेन. मला झोप लागेल फक्त."

"आणि वाईट आला तर?"

ते खोक्याच्या कडेवरून नख फिरवत राहिले. शेजारी एक बाई लहान मुलाला वेफर भरवत होती. मुलाने पाकिटात हात घातला. सरांनी ते बघितलं.

मी फॉर्म वाचला. नाव, वय, तपासणीचं कारण, सगळं सरांनी पेन्सिलीने सुबक अक्षरात भरलं होतं. शेवटची रेघ रिकामी होती. "इथे आईबापाची सही लागते, सर. कोणाची घेणार?"

"मी करणार होतो. नितीनची सही मला येते. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी करायचो ती त्याने उचलली." ते हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "तिने पंधरा महिने मागितले रे. सहा उरलेत. मी तिचे सहा महिने खायला निघालो."

किन्हवलीची गाडी लागली. त्यांनी फॉर्मचे चार तुकडे केले, नळीचं झाकण उघडून काडी काढली आणि वाकवून मोडली. कचरापेटी दूर होती. ते सगळं खिशात घालून गाडीत चढले. खिडकीतून म्हणाले, "सापगावच्या पुलावरून टाकून देईन." लगेच मान हलवली. "नाय. नदीत नको. घरीच जाळतो."

तन्वीला त्या वर्षी फिट्स सुरू झाल्या. जागेपणी तिचा श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. असं थांबलं की घरात सगळे जिथे असतील तिथे थांबतात. ती मात्र डोळ्यांनी माणसांमागे फिरते. सरांनी तिच्यासाठी दोन पुठ्ठे केले आहेत, एकावर भात, एकावर मांजर. ती ज्याकडे बघते ते तिला हवं असतं. बहुतेक वेळा मांजर.

मी शेवटचा गेलो तेव्हा जुईला सोळावा महिना लागला होता. सकाळची वेळ. सर ओटीवर खुर्चीत बसले होते, घराकडे पाठ करून. समोर अंगण आणि पेंढ्याची उडवी. आत काकूंच्या भाकऱ्या चालू होत्या. दार लोटलेलं होतं. मी बाजूच्या बाकावर बसलो, मला आतलं दिसत होतं, माजघरात भिंतीला टेकवून बसवलेली तन्वीसुद्धा.

जुईने दार ढकललं आणि आत गेली. "अगो, चूल आहे तिकडं!" काकू ओरडल्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "बस इथं. हे घे."

मोठ्या हातांचा आवाज बंद झाला. त्याच जागी लहान हातांचा सुरू झाला. थप. थप.

सरांची मान ताठ झाली. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. सारिका माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती जुईकडे बघत नव्हती, सरांच्या पाठीकडे बघत होती.

"तू बघ," सर मला म्हणाले. "मला वळता येत नाय. जे दिसतं ते सांग. माहीत आहे ते नको."

"परातीपाशी बसली आहे," मी म्हणालो. "हातात उकडीचा गोळा आहे. एका तळव्यावर दुसरा तळवा मारते आहे."

"गोळा आहे अजून हातात?"

"आहे."

"पुढे."

"मारते आहे."

"पुढे सांग रे."

"थांबली."

"थांबली म्हणजे?"

"हात थांबले. गोळ्याकडे बघते आहे. तुकडा तोडला. उठली. तन्वीकडे गेली. तुकडा तन्वीच्या ओठाला लावला."

"कुठल्या हाताने?"

"डाव्या."

"दुसरा हात?"

"दुसऱ्या हाताने तन्वीची हनुवटी धरली आहे."

"गो, ताईला कच्चं नको," सारिका पुढे झाली आणि तुकडा काढून घेतला. जुईने तिच्या हातावर चापट मारली आणि तुकडा परत मागितला. तन्वीचे डोळे बहिणीच्या हाताबरोबर खाली आले, वर गेले. तिचे स्वतःचे हात छातीशी पिळत होते.

हेही मी सांगितलं.

सर वळले नाहीत. खुर्चीच्या हातांवरची त्यांची बोटं सुटली नव्हती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "गोळ्यापासून परत सांग."

मी परत सांगितलं.